मॅडम, गोळी तेवढी तुमीच लिवा की!

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील बदलला आहे): पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे बोलण्यातून मानसोपचार करणाऱ्या, औषध लिहायचा अधिकार नसलेल्या. एम.फिल. झालंय, अशा सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे. चार दिवस शहरात आणि गुरुवार-शुक्रवार गडहिंग्लजला, एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या बसतात. आजरा भागातल्या काजू कारखान्यात काम करणारी अडतीस वर्षांची एक बाई दोन महिने त्यांच्याकडे येते. नैराश्य आहे. बोलण्याने थोडा उतार पडला, पण झोप आणि भूक परत आलेली नाही. आता गोळीची जोड लागेल, असं ताईंना वाटतं. बाई एकदा कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन आली. दिवसाची हजेरी बुडली, नंबर लागेपर्यंत परतीची एसटी चुकायची वेळ आली आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत बाहेर. तिथली चिठ्ठी तिने मेडिकलात दाखवलीच नाही. पुन्हा जायला ती तयार नाही. सासूबाई म्हणतात, "मॅडम, गोळी तेवढी तुमीच लिवा की!" आणि दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, "तुम्ही नाव आणि डोस सांगा, सही मी करतो." ताईंचे प्रश्न दोन. हे करू का? आणि अमेरिकेतल्या काही राज्यांप्रमाणे इथेही सायकॉलॉजिस्टना मनोविकारांची औषधं लिहू द्यावीत, अशा निवेदनावर बॅचच्या मैत्रिणी सह्या करतायत, त्यावर मीही करू का?

उत्तर:

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण तुमच्या बाजूची झाले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा निम्मी राहिले. उरलेली निम्मी कुठे गेली ते सांगते.

नेहमीच्या वाचकांना माझी ओळख आहे, तुम्हाला नसेल तर सांगते. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि त्यातली बरीच वर्षं मनोविकार विभागात गेली. औषध लिहिणारे एका खोलीत, बोलून बरं करणारे दुसऱ्या खोलीत आणि मी मधल्या बाकड्यावर, नातेवाइकांबरोबर. या दोन खोल्यांच्या भांडणात मला कुणाचीच वकिली करायची नाही. पण बाकड्यावरून दोन्हीकडचं दिसतं, आणि दार नीट लागत नसेल तर ऐकूही येतं.

आधी डॉक्टरांच्या सहीचं बघू, कारण गुरुवार लांब नाही. करू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम १०६ एकदा शांतपणे वाचा. आपल्या व्यवसायाच्या शाखेने ज्याचा अधिकार दिलेला नाही असं औषध किंवा उपचार कुणीही सांगायचा नाही, सुचवायचाही नाही, असा त्याचा आशय आहे. "सुचवायचाही नाही" हे तिथलं महत्त्वाचं. म्हणजे सही डॉक्टरांची असली तरी नाव आणि डोस तुमच्या तोंडून गेला, तर तुम्ही त्यात आलात. "बाईंचं नैराश्य मला मध्यम ते तीव्र वाटतं, औषधाची गरज आहे का ते तुम्ही तपासून ठरवा," असं तुम्ही जरूर म्हणू शकता. ते तुमचं कामच आहे. गोळीचं नाव हातात देणं वेगळं.

पण नुसतं कायद्याच्या भीतीने नको म्हणालात, तर पुढच्या अडलेल्या बाईला बघून तुमचं मन पुन्हा पाघळेल. म्हणून प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणा. समजा, तुम्ही एसिटालोप्राम हे नैराश्याचं औषध म्हणालात आणि डॉक्टरांनी सही केली. चौथ्या दिवशी बाईला मळमळायला लागलं. हे नेहमीचंच, बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. पण तिला ते सांगितलं कुणी? चिठ्ठीवर नंबर डॉक्टरांचा. त्यांनी तिला तपासलेलंच नाही, ते म्हणणार, "मॅडमना विचारा." मॅडम कोल्हापुरात, दुसऱ्या पेशंटबरोबर, फोन सायलेंटवर. सासूबाई म्हणणार, "उष्ण पडलं, बंद कर." गोळी बंद. खरं तर तिचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, पण त्या घरात "गोळ्यांनी काय होत नाही" हे आता कायमचं ठरलं.

हा झाला बरा प्रसंग. वाईट असा, की नैराश्य घेऊन येणाऱ्या काही माणसांच्या मागे कधीतरी उन्मादाचा झटका येऊन गेलेला असतो आणि घरात त्याला "त्या वर्षी जरा जास्तच उत्साहात होती" एवढंच म्हणतात. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती कधी कधी उलटीकडे ढकलते. बाई पहाटे तीनला उठून सगळ्या गल्लीचं अंगण झाडते, बचत गटाचं कर्ज उचलून वाटून टाकते. सासूबाई पहिले चार दिवस खूश, सून कामाला लागली म्हणून. पाचव्या दिवशी तुम्हाला फोन येतो. तेव्हा ती गोळी थांबवायचा अधिकार तुमच्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना ती बाई कोण ते आठवत नाही. उसन्या सहीत हेच होतं. जबाबदारी दोघांत वाटली जात नाही, दोघांच्या मधून खाली पडते.

आणखी एक. तुमच्या दोन पानी पत्रात डॉक्टरांची पदवी कुठेच नाही. एमबीबीएस आहेत, की आयुर्वेद, की होमिओपॅथी? आपल्या तालुक्यांत फॅमिली डॉक्टर म्हटल्यावर यातलं काहीही असू शकतं आणि पेशंट कधी विचारत नाही. तुम्ही विचारायलाच हवं. होमिओपॅथांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केला तर ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायची, ही दुरुस्ती आपल्या राज्याने २०१४ मध्ये केली. त्यावरून डॉक्टर मंडळींत जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. म्हणजे "थोडं शिकवून लिहू द्या" हा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. तुमच्या निवेदनाची वाटही त्याच चिखलातून जाणार आहे, याची कल्पना असू द्या.

आता मी निम्मी का होईना तुमच्या बाजूची का, ते.

आमच्या आत्या मंगळवार पेठेत राहायच्या. वीसेक वर्षं लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या गोळीवर होत्या आणि व्यवस्थित होत्या. स्वयंपाक, हळदीकुंकू, शेजारणीशी नळावरून भांडण, सगळं. मग रक्तदाब वाढला. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी लघवी साफ करणारी एक गोळी चालू केली. लिथियम चालू आहे का हे त्यांनी विचारलं नाही, आत्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबी "ती डोक्याची गोळी" वेगळ्या डब्यातली होती. या लघवीच्या गोळ्यांतल्या काही लिथियमला शरीराबाहेर पडू देत नाहीत, ते रक्तात साचत जातं. दर मंगळवारी त्यांच्याशी बोलायला एक तरुण सायकॉलॉजिस्ट यायची. तिसऱ्या मंगळवारी आत्यांनी तिला चहा आणून दिला तेव्हा कप बशीवर इतका वाजत होता, की निम्मा चहा बशीतच आला. आम्ही घरातले म्हणत होतो, वय झालं. त्या मुलीने वहीत मागच्या मंगळवारचं पान उघडलं. "हात किंचित थरथरतो," असं तिथे लिहिलेलं होतं. तिने आत्यांना दारापर्यंत चालायला लावलं, चाल डगमगत होती, बोलणं जड झालं होतं. तिथूनच तिने मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. संध्याकाळी रक्त तपासलं. लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान असावी लागते, आत्यांची १.८ होती. पाच दिवस सलाइनवर काढून घरी आल्या.

चूक केली ती लिहायचा पूर्ण हक्क असलेल्याने आणि पकडली ती हक्क नसलेल्या मुलीने. तेव्हा "एमडी नसलेल्याच्या हातात औषध म्हणजे धोका" एवढ्यावर मला कुणी गप्प करू शकत नाही. पण त्या मुलीने लिथियम स्वतः बंद केलं नव्हतं, हेही मी विसरत नाही. तिच्याकडे तीन गोष्टी होत्या: लिथियमची माहिती, दर आठवड्याची वही आणि फोन उचलणारा मनोविकारतज्ज्ञ. तुमच्याकडे पहिल्या दोन आहेत. तिसरी नाही, आणि तिची भरपाई तुम्ही सहीने करायला निघाला आहात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला अडलं: "आम्ही रुग्णाचं तासभर ऐकतो, ते पाच मिनिटांत गोळी लिहितात." खरं आहे. पण ते पाच मिनिटं का देतात? त्यांना ऐकता येत नाही म्हणून? अहो, बाहेर बाकड्यावर साठ माणसं बसलेली असतात म्हणून. ही माणसं बोलायला येत नाहीत, गोळीला येतात. चिठ्ठीचं पॅड उद्या तुमच्या टेबलावर आलं, की ती साठ माणसं तुमच्या दारात येतील. घरभाडं, मुलांच्या फिया तुम्हालाही आहेत. तासाचे वीस मिनिटं व्हायला किती वर्षं लागतील? सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण सासूबाईंनी "तुमी बोलून बरं करा" असं म्हटलं नाही, "गोळी तेवढी" म्हटलं. त्या "तेवढी"कडे दुर्लक्ष करू नका.

अमेरिकेचं बघा, कारण निवेदनात तिथलाच दाखला असणार. १९९० च्या दशकात त्यांच्या लष्कराने दहा सायकॉलॉजिस्टना शिकवून औषधं लिहू दिली, तिथून हे सुरू झालं. राज्यांत पहिलं न्यू मेक्सिको, २००२. मग लुइझियाना २००४, इलिनॉय २०१४, आयोवा २०१६, आयडाहो २०१७, कोलोरॅडो २०२३, युटा २०२४. वीस-बावीस वर्षांत पन्नासातली सात. ओरेगॉनमध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नरनी परत पाठवलं, तेही दोनदा, २०१० आणि २०१७ मध्ये. जिथे परवानगी मिळाली तिथलं कारण मात्र तुमच्या आजऱ्यासारखंच होतं: दूरची गावं आणि तारीख न मिळणारे मनोविकारतज्ज्ञ.

पण तिथे हक्क मिळतो कुणाला? आधी डॉक्टरेट झालेला सायकॉलॉजिस्ट. त्यावर औषधशास्त्राचं वेगळं शिक्षण, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण, परीक्षा. न्यू मेक्सिकोत त्यानंतरही पहिली दोन वर्षं सशर्त परवाना, डॉक्टरांच्या नजरेखाली. इलिनॉयमध्ये सतरा वर्षांखालचे, पासष्टच्या वरचे आणि गरोदर बायका अशा रुग्णांसाठी औषध लिहिताच येत नाही. रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरशी संपर्क ठेवावा लागतो तो वेगळाच. म्हणजे "बोलणाऱ्यांनाही लिहू द्या" एवढा तो सोपा दाखला नाही. बोलणाऱ्यांपैकी काही जण पुन्हा विद्यार्थी झाले, असा तो आहे.

आणि आता माझी मोठी अडचण. अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट मनोविकारतज्ज्ञांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे त्यांना हक्क दिला की हात वाढतात. आपल्याकडे तुमच्यासारखे नोंदणी झालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मनोविकारतज्ज्ञांपेक्षाही कमी आहेत. आणि बसतात कुठे? तेही कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत, शाहूपुरीत, मनोविकारतज्ज्ञांच्याच शेजारच्या मजल्यावर. तहान आजऱ्याला आणि दोन्ही विहिरी राजारामपुरीत. दुसऱ्या विहिरीवर पोहरा बसवून आजऱ्याला पाणी कसं पोचणार? बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांबाहेर निघाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. या माणसांपर्यंत पोचायला सह्यांपेक्षा गाड्या जास्त लागतील. तुम्ही आठवड्यातून दोन दिवस घाट चढउतार करता, हे त्या निवेदनातल्या कुठल्याही कलमापेक्षा मोठं आहे, आणि हे मी तुम्हाला खूश करायला म्हणत नाही.

मग गुरुवारी काय करायचं?

डॉक्टरांना सही नको, तपासणी मागा. असं म्हणा, "सर, मी नाव सांगणार नाही, पण बाईला तुम्ही दहा मिनिटं बघा. मी शेजारी बसते." ते एमबीबीएस असतील तर नैराश्याचं नेहमीचं औषध ते स्वतः, स्वतःच्या विचाराने लिहू शकतात, त्यासाठी एमडी लागत नाही. नसतील तर हा रस्ता सोडा आणि पुढचा धरा. तपासायचं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी आठवण देते: थायरॉइड (थायरॉइड मंदावलं तरी बाई अशीच दिसते, आणि तुम्ही दोन महिने बोलत बसता), हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, पाळी चुकली आहे का. काजू सोलून सोलून पाठ-मान धरते, तेव्हा मेडिकलातून थेट आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू आहे का, हेही विचारा. ट्रामाडोलसारखी असेल तर नैराश्याच्या गोळीशी तिचं जमत नाही. आणि मागे कधी "जास्तच उत्साहात" होती का, हे बाईला नको, सासूबाईंना विचारा.

दुसरं, कोल्हापूरचे मनोविकारतज्ज्ञ बाईकडे आणा. २०२० पासून व्हिडिओवर तपासायची नियमावली आहे. एकदा गेलेल्या त्याच डॉक्टरांना तुम्ही आधी अर्ध्या पानाचं टिपण पाठवा: लक्षणं, किती दिवस, काय केलं, काय राहिलं, जिवाला धोका आहे का. मग गुरुवारी अमुक वाजता तुमच्याच खोलीतून फोन. बाई ओळखीच्या खुर्चीत, तुम्ही शेजारी. त्यांची पाच मिनिटं तेव्हा पंधरा मिनिटांचं काम करतात, कारण दहा मिनिटांचं तुम्ही आधीच करून ठेवलंय. ते तयार नसतील तर दुसरे बघा. सगळे सारखे नसतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आणि गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची मंडळी तालुक्याला कोणत्या दिवशी येतात म्हणून. त्या दिवशी बाईची हजेरी पूर्ण बुडणार नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. हा नंबर बाईच्या आणि सासूबाईंच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या.

गोळी कुणीही लिहिली तरी पुढचे सहा आठवडे तुमचे. मळमळ, झोप, अस्वस्थता, जीव नकोसा वाटणं, आणि अचानक फार बरं वाटणं, या पाच गोष्टी दर गुरुवारी विचारून वहीत टिपा. बरं वाटलं म्हणून ती गोळी मध्येच सोडेल; ती सोडायच्या आधी सांगा की सोडायची तर कमी कमी करत, आणि डॉक्टरांना विचारून.

हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींनाही दोन शब्द. दारावर "मानसशास्त्रज्ञ", "समुपदेशक", "मनोविकारतज्ज्ञ" काय लिहिलंय ते वाचा आणि औषध लिहिणाऱ्याला शिक्षण विचारायला लाजू नका. आणि झोपेची अल्प्राझोलाम मेडिकलातल्या ओळखीच्या पोराकडून चिठ्ठीशिवाय आणत असाल तर ते थांबवा, पण एकदम नको, डॉक्टरांना सांगून हळूहळू. ती औषध नियमांतल्या एच-वन यादीतली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही. दुकानदाराला तिच्यासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते, ते उगाच नाही.

राहिलं निवेदन. सह्यांना मी नाही म्हणत नाही, पण आहे त्या मजकुरावर करू नका. मैत्रिणींना सांगा, त्यात आणखी चार ओळी घाला: हक्क मागतोय तर आधी किती वर्षांचं शिक्षण आणि कुणाच्या देखरेखीखाली; रक्त तपासायला सांगायचा आणि गोळी थांबवायचाही अधिकार; चूक झाली तर जबाबदार कोण; आणि हक्क मिळालेल्याने पहिली काही वर्षं तालुक्यात काढायची. शेवटची ओळ वाचून किती जणी मागे सरतात ते मला नक्की कळवा. उरतील त्यांच्याबरोबर सही करा.

सासूबाईंना मात्र मैत्रिणींच्या आधी उत्तर द्यायचंय. त्यांना कायदा, कलम काही सांगू नका. म्हणा, "आजी, गोळी मी लिवत न्हाई, पण ती लिवणाऱ्याला मी हितं बोलवून आणते, आणि गोळी पोटात गेल्यावर काय हुतंय ते दर गुरुवारी मीच बघणार हाय." त्यांना चालेल. त्यांना गोळीपेक्षा कुणीतरी बघणारं हवं होतं, असा माझा अंदाज आहे.

आणि हो, डॉक्टरांची पदवी तेवढी कळवा.